घरगुती व्हॉल्व्ह प्रीॲम्प्लिफायरच्या चेसिसची मांडणी कशी करावी?

आपण रत्नागिरीत १२एएक्स७ व्हॉल्व्हचा (निर्वात नळीचा) प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे क्षीण ध्वनिसंकेत मुख्य ॲम्प्लिफायरआधी वाढवणारे उपकरण, बांधत आहात आणि चेसिसवर, म्हणजे त्याच्या धातूच्या सांगाड्यावर, कोणता भाग कुठे बसवावा, असे विचारले आहे. माझ्या मते सारी मांडणी ट्रान्सफॉर्मर आणि पहिला व्हॉल्व्ह यांच्यातील अंतरावरून ठरते. ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, इनपुट सॉकेट व पहिला व्हॉल्व्ह दुसऱ्या टोकाला ठेवावा. शिवाय ट्रान्सफॉर्मर ९० अंशांत फिरवता येईल अशी सोय ठेवावी, कारण ५० हर्ट्झची गुणगुण पुष्कळदा त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून येते आणि ॲल्युमिनियमचा पत्रा ते क्षेत्र जवळजवळ अडवत नाही. हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तंतूच्या) ६.३ व्होल्टच्या तारा घट्ट पिळून चेसिसच्या कोपऱ्यातून न्याव्यात आणि सिग्नलच्या तारेला काटकोनातच ओलांडाव्यात.

सिग्नलचे ग्राउंड, म्हणजे सिग्नलच्या परतीची सामाईक तार, इनपुटजवळ एकाच ठिकाणी चेसिसला जोडावे. मुख्य विजेच्या अर्थिंगसाठी मात्र स्वतंत्र बोल्ट हवा, आणि किनाऱ्यावर याच बोल्टकडे मी सर्वाधिक लक्ष देईन. खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियम आणि स्टील जिथे एकमेकांना टेकतात तिथे ॲल्युमिनियम झिजते व जोड कच्चा होतो; म्हणून रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, वरून वॉर्निशचा हात द्यावा आणि दर पावसाळ्यानंतर तो तपासावा.

वीजपुरवठा सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे त्यातला साठलेला भार हळूहळू उतरवणारा रोधक, अवश्य लावा. वीज बंद केल्यावरही तिथे २५० व्होल्ट उरू शकतात, त्यामुळे मल्टिमीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नये.