वरी चालते, मग नाचणीनं काय घोडं मारलंय?

श्रावण जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा नूर पालटतो. वास्तुशांत, मुंजीचे मुहूर्त मागे पडतात आणि 'हे चालतं का, ते चालतं का' सुरू होतं. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न (देवगड) : सूनबाईने विचारलं, "आई, उपवासाला वरी चालते, मग नाचणी का नाही? दोन्ही आपल्याच डोंगरात पिकतात." मला उत्तर सुचेना. तुम्ही सांगाल का?

उत्तर : सूनबाई हुशार आहेत. दोन्ही एकाच वरकस, म्हणजे हलक्या डोंगराळ जमिनीत, एकाच उतारावर होतात. दोन्हींची दाढ, म्हणजे रोपांसाठीची जागा, भाजतात, रोपं काढतात, लावणी करतात. शेतकऱ्याला विचाराल तर तो दोन्ही भरड धान्यातच धरेल.

शास्त्राच्या बाजूने बघायचं तर ग्रंथांत 'मुन्यन्न' नावाचा एक वर्ग आहे. नीवार म्हणजे रानतांदूळ आणि श्यामाक म्हणजे सावा अशी, नांगर न धरता आपोआप उगवणारी धान्यं त्यात येतात. वरीला उपवासात जागा मिळाली ती या रानधान्यांची बहीण म्हणून. आज वरी पेरतात, लावतात, बाजारात विकतात, तरी तिचा तो मान राहिला. नाचणी पडली रोजची. सकाळी आंबील, दुपारी भाकरी. ज्यावर घर रोज जगतं ते एक दिवस बाजूला ठेवायचं, हा उपवासाचा साधा अर्थ धरला तर कोकणात नाचणी वर्ज्य का झाली ते कळतं. हे माझं मत आहे, ग्रंथातलं वाक्य नव्हे.

ज्या साबुदाण्याला कुणी हरकत घेत नाही तो कसाव्याच्या कंदाचा. कसावा मूळ दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे आला पोर्तुगीजांमुळे. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची यांचीही तीच कथा. जुन्या ग्रंथकारांनी यांतलं काहीच चाखलेलं नव्हतं, त्यामुळे साबुदाण्याच्या खिचडीला शास्त्राधार शोधू नये. आपला सुरण, कच्ची केळी, ओला नारळ त्या मानाने फार जुने. सुनेला नाचणी खायचीच असेल तर मी अडवणार नाही. मात्र घरात इतरांना खटकत असेल तर एका भाकरीसाठी वाद घालू नये.

प्रश्न (मालवण) : उपवासाला सैंधवच हवं का? आमच्याकडे मिठागराचं खडं मीठ वापरतात.

उत्तर : खुशाल वापरा. हविष्यान्नाच्या, म्हणजे व्रताला चालणाऱ्या अन्नाच्या, यादीत सैंधव आणि समुद्राचं मीठ, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. त्याच यादीत फणस आणि आंबाही आहे, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

प्रश्न (चिपळूण) : पावसाळ्यातल्या संकष्टीला चंद्र दिसतच नाही. दहा वाजले तरी आम्ही ओटीवर उभे. मुलगी नागपूरला असते, तिचं जेवण तोवर आटपलेलं असतं. तिचं चुकतं का?

उत्तर : तिचं बरोबर आहे. चंद्र पूर्वेकडे आधी उगवतो. नागपूर आपल्यापेक्षा रेखांशाने सुमारे सहा अंश पूर्वेला आहे, म्हणजे तिकडे चंद्रोदय साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी. जो जिथे असेल त्याने तिथली वेळ धरायची. पंचांगात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात गावोगावच्या वेळा वेगळ्या छापतात त्या यासाठीच.

तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे पूर्वेला उभा सह्याद्री. छापलेली वेळ क्षितिजाची असते. चंद्र डोंगरामागून वर यायला त्यानंतरही वेळ लागतो. आभाळ निरभ्र असेल आणि हौस असेल तर थांबा, पण थांबलंच पाहिजे असं नाही. ढग असतील तर वेळ झाल्यावर पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्या आणि मोदक वाढायला घ्या.

प्रश्न (संगमेश्वर) : आई बहात्तर वर्षांची आहे. मधुमेह आहे, सकाळी गोळी आणि रात्री इन्सुलिन. आषाढी एकादशीला पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा तिचा हट्ट. म्हणते, गोळी घेतली तर उपवास मोडेल. काय सांगू?

उत्तर : आधी एक श्लोक ऐकवा.

अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम्॥

व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी यात सांगितल्यात. पहिलं नाव पाण्याचं आणि शेवटचं औषधाचं. गोळीने उपवास मोडत नाही. एकादशीचं बंधन आठ ते ऐंशी वर्षांपर्यंत सांगितलं आहे, म्हणून आई म्हणेल, "मी अजून ऐंशीची कुठे झाले?" त्यावरही तोड आहे. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी नवरा, बायको, मुलगा, भाऊ यांनी प्रतिनिधी म्हणून उपवास करायची मुभा धर्मसिंधूत आहे. हा ग्रंथ १७९० च्या सुमाराला लिहिणारे काशीनाथ उपाध्याय तुमच्याच तालुक्यातल्या गोळवलीचे. आईला सांगा, आपल्या गावाकडच्या माणसाने ही सवलत लिहून ठेवलीय. मग त्या दिवशी तुम्ही उपवास करा.

याउपर ती उपवास करणारच असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते. मनानेच औषध बंद केलं तर ती वर चढते. दोन्ही वाईट. दरदरून घाम आला, हात थरथरले, ती असंबद्ध बोलायला लागली तर तिथी बघत बसू नका, शुद्धीवर असेल तोवर लगेच साखरपाणी द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. खिचडीची वाटी हा 'हलका आहार' आहे, हा गैरसमजही काढून टाका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आईला वाटीभर ताक, थोडे भिजवलेले शेंगदाणे जास्त मानवतील.

देवाला उपाशी म्हातारी बघायची हौस असते असं मला तरी कुठे आढळलेलं नाही.

प्रश्न (डोंबिवली) : हरतालिकेला आम्ही दरवर्षी सावंतवाडीच्या गाडीत. पूजा कशी करू?

उत्तर : चाकरमान्यांच्या बायकांची ही जुनीच अडचण. गाडी दुपारची असेल तर पहाटे घरीच वाळूचं लिंग मांडून पूजा उरका. पहाटेची असेल तर पोचल्यावर संध्याकाळी करा. गावी परसात आघाडा, दूर्वा, बेल हाताशी, त्यामुळे पत्री तिथेच चांगली मिळते. डब्यात फक्त कथा वाचा. गणपतीच्या गर्दीत निर्जळी मात्र करू नका. पाणी घ्या, केळी घ्या. सकाळी उत्तरपूजा करून लिंग व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडलंत की उपवास सुटला, मग मोदकाच्या उकडीला मोकळ्या.

प्रश्न (हर्णै) : माहेरी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की श्रावण सुटतो, मासे येतात. सासरी गणपती होईपर्यंत पाळतात आणि गौरीला मात्र मटणाचा नैवेद्य! कुणाचं खरं?

उत्तर : दोघांचंही. जून-जुलैची मासेमारीबंदी हा सरकारी कायदा, माशांच्या विणीच्या हंगामासाठी. श्रावण पाळणं हा घरचा नेम, आणि तो कधी सोडायचा हे कुळाचारावर. सासरी राहता तर तिथला पाळा. माहेरी गेल्यावर भावजयीने सुरमई वाढली तर ताटावरून उठू नका. गौरीच्या तिखट्याचं, म्हणजे या मटणाच्या नैवेद्याचं, कोडं पुष्कळांना पडतं, घाटावरच्यांना तर फारच. ती माहेरवाशीण, तिला घरात जे गोडधोड आणि तिखट शिजतं ते सगळं. तिचं ताट वाढताना गणपती आणि तिच्यामध्ये पडदा धरतात, तेवढा धरा.

प्रश्न (गुहागर) : एकादशीला आमटीची चव बघताना चुकून गिळली. आता?

उत्तर : चूळ भरा, देवाचं नाव घ्या, उपवास पुढे चालू ठेवा. पुढच्या एकादशीला मीठ बघायचं काम ज्याला उपवास नाही त्याच्याकडे द्या.