१.२ लिटर पेट्रोल गाडीचा एक्झॉस्ट आणि पहाटेची मटार करंजी

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारी यंत्रणा) नसलेल्या, चार सिलिंडरच्या १.२ लिटर बीएस-६ पेट्रोल हॅचबॅकला फ्री-फ्लो एक्झॉस्ट, म्हणजे जळके वायू कमी अडथळ्याने बाहेर सोडणारा पाइप, बसवायचा झाल्यास काय बदलावे आणि त्याने ताकद किती वाढेल, आणि रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला गाड्या घेऊन जमणाऱ्या मित्रांसाठी चहासोबत कोणता खमंग पदार्थ न्यावा. पहिल्याचे उत्तर लांब आहे, म्हणून तेच आधी देतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी घातक करणाऱ्या डब्याला, हात लावू नका. त्याच्या मागचा भाग, म्हणजे मधला पाइप, रेझोनेटर (ठरावीक सूर दाबणारा डबा) आणि शेवटचा मफलर (एकूण आवाज कमी करणारा डबा), एवढेच बदला. कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर करतात, आणि हे काम नीट होते आहे की नाही यावर त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर लक्ष ठेवतो. कन्व्हर्टर काढला की डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी पीयूसीत, म्हणजे प्रदूषण तपासणीत, अडकू शकते आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातोंडात काय जाते ते वेगळेच. तो दिवा बंद ठेवण्यासाठी सेन्सरला फसवणारे तुकडेही बाजारात मिळतात; ते घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ताकद किती वाढेल, हेही आपण विचारले आहे. अशा इंजिनात केवळ मागचा पाइप बदलून गाडी चालवताना जाणवेल इतकी भर पडत नाही. टर्बो गाडीत टर्बाइननंतरचा अडथळा कमी झाला आणि त्यासोबत ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग केले तर फरक स्पष्ट दिसतो. आपल्या इंजिनात मात्र हा सगळा खर्च प्रामुख्याने आवाजासाठी आहे, हे मनाशी धरूनच निर्णय घ्यावा. पाइप जितका जाड तितका चांगला, ही समजूत तर सोडूनच द्या. व्यास अवाजवी वाढवला की इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर वायूचा वेग मंदावतो, सिलिंडरमधून जळके वायू ओढून घेण्याचा परिणाम क्षीण होतो आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगताना लागणारा टॉर्क (चाके फिरवणारा जोर) नेमका तिथेच कमी होतो. मूळ व्यासाच्या जवळ राहा आणि वळणे मॅन्ड्रेलवर (पाइपच्या आत घातलेल्या आधारावर) दिलेली घ्या, कारण दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो आणि आतली वाट अरुंद करतो.

आता आवाज. खरी कसोटी इथेच लागते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९०(२) नुसार ध्वनी किंवा हवेच्या प्रदूषणाची मानके मोडणारी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय लायसन्सही तीन महिने गमवावे लागते. ध्वनिप्रदूषण नियमांमध्ये रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागाची मर्यादा त्या वेळी ४५ डेसिबल इतकी खाली येते. म्हणजे आपण ज्या पहाटे इमारतीखालून गाडी काढता, ती नियमांच्या लेखी अजून रात्रच असते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असू शकतो, हेही ध्यानात ठेवा. माझा निकष साधा आहे: गाडी न्यूट्रलवर चालू असताना दोन माणसांना मागच्या बंपरपाशी उभे राहून नेहमीच्या आवाजात बोलता आले पाहिजे. विकत घेण्याआधी पाइप मोकळ्या जागी ऐका. कोस्टल रोडच्या बोगद्यात कोणतीही गाडी भारदस्त वाटते, कारण भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मिसळतो.

दुसरा त्रास घुमण्याचा, ज्याला आपण सगळे ड्रोन म्हणतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना चार स्फोट होतात, म्हणून मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर सेकंदाला ८० स्फोट पडतात, आणि ८० हर्ट्झचा हा सूर बंद केबिनमध्ये घुमू लागला की पुण्याला पोहोचेपर्यंत डोके जड होते. रेझोनेटर काढून टाकणाऱ्यांना हे हमखास भोगावे लागते. तो ठेवूनही ड्रोन उरला, तर एका टोकाला बंद असलेली आडवी नळी मुख्य पाइपला जोडतात. तिची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या पाव भाग असावी लागते. गरम वायूत ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे ८० हर्ट्झसाठी ही नळी सुमारे सव्वा ते दीड मीटर भरते. छोट्या हॅचबॅकखाली इतकी जागा काढणे अवघड असते, म्हणून रेझोनेटरसकट मिळणारा संच घेणेच शहाणपणाचे.

पाइपचा धातू ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्या. ४०९ ही प्रत स्वस्त असते, पण तिच्यात क्रोमियम कमी असल्याने आपल्या खाऱ्या, दमट हवेत तिला लवकर तांबेरा चढतो. जवळच्या छोट्या प्रवासांत मफलर पुरेसा तापत नाही आणि ज्वलनातून तयार झालेले पाणी आतच साचते, म्हणून गंज आतूनही लागतो. वॉरंटी आणि विम्याबाबत मात्र काम सुरू करण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

खाण्याविषयी आता. धोबीतलावला १९०४ पासून असलेल्या कयानीसारख्या इराण्यांकडची खारी आणि मटण पॅटीस ही मुंबईची पहिली पसंती आहे, यात वाद नाही. पिठाच्या घड्यांमध्ये स्निग्धांश असतो आणि भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ते पापुद्रे उचलले जातात. पण पावसाळ्यात खारी चटकन सादळते आणि पॅटीस गरमच हवे, त्यामुळे भल्या पहाटेसाठी मी घरच्या मटार करंजीचे नाव घेईन. तांदळाची पिठी आणि तूप फेसून केलेला साटा तीन पोळ्यांवर लावून, त्या एकावर एक ठेवून गुंडाळी करा, लाट्या कापून लाटा, आणि मंद आचेवर तळा. सारण आले, हिरवी मिरची आणि खोबरे घालून अगदी कोरडे होईपर्यंत परता. करंज्या पूर्ण निवल्याशिवाय डबा बंद करू नका.

तो डबा डिकीत मात्र ठेवू नका. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मफलर डिकीच्या तळाखालीच असतो, आणि नवा मफलर मोठा असला तर बसवणारे कारागीर मधला उष्णतारोधक पत्रा काढून टाकतात. तो पत्रा जागेवर ठेवायला लावा, मफलर आणि तळ यांच्यात बोटे जातील एवढी फट राहिली आहे हे गाडी उचललेली असतानाच पाहा, आणि काही दिवस चालवल्यावर हँगरचे (पाइप टांगणाऱ्या कड्यांचे) रबर तपासून फ्लँजचे (पाइपच्या जोडांचे) बोल्ट एकदा पुन्हा आवळून घ्या.