सिन्नरच्या स्नेहलला: हेलिकॉप्टरच्या ग्राउंड क्रूबद्दल

स्नेहल, पत्र वाचलं. बारावी सायन्स झालीय, नाशिकरोडला मावशीकडे गेलीस की गांधीनगरवरून उडणारी आर्मीची हेलिकॉप्टर बघत बसतेस, पायलट नाही व्हायचं पण ती उडती ठेवणाऱ्यांत जायचंय, आणि बाबा म्हणतात "शेवटी मेकॅनिकच ना!" असं लिहिलंयस.

बाबांना सियाचीनचं सांग. तिथे साधारण २० हजार फुटांवरच्या पोस्टवर चीता हेलिकॉप्टर रेशन घेऊन उतरतं, आजारी जवानाला घेऊन येतं, आणि वर इंजिन बंदच करत नाहीत कारण त्या विरळ हवेत ते परत चालू होईलच याचा भरवसा नसतो. अशा मशीनमध्ये पायलट बसतो तो खाली बेसवर कुणीतरी सकाळी थंडीत रोटर, कंट्रोल रॉड, ऑइल, इंधनात पाणी आलंय का हे सगळं हाताने तपासून फॉर्म ७०० वर, म्हणजे मशीनच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही केलेली असते म्हणून. एक पाना जरी मोजणीत कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत, आणि "माझ्याकडून राहिला" हे सिनियरसमोर लगेच सांगावं लागतं. तेच तेच चेकिंग रोज करताना तुला कंटाळा येतो का, चूक झाली तर लपवावीशी वाटते का, हे आधी स्वतःला विचार, मार्कांपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता रस्ता. आर्मीची हेलिकॉप्टर ईएमई, म्हणजे आर्मीची यंत्रं दुरुस्त करणारी शाखा, सांभाळते, पण तिथे अग्निवीर म्हणून मुलींना फक्त मिलिटरी पोलीस आहे, त्यामुळे तुझ्यासाठी एअर फोर्सची अग्निवीरवायू भरती. फिजिक्स, मॅथ्स, इंग्लिशसह बारावीला ५० टक्के, इंग्लिशमध्येही वेगळे ५०, आणि मुलींना १.६ किलोमीटर ८ मिनिटांत धावणं. वयाची अट जाहिरातीत बघ. दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगते. हेलिकॉप्टर युनिटच मिळेल असं नाही, ट्रेड आणि पोस्टिंग ते ठरवतात. आणि नोकरी ४ वर्षांची, पुढे जास्तीत जास्त २५ टक्केच लोकांना ठेवतात, त्यामुळे आतापासूनच ४ वर्षांनंतरचा विचार हवा.

मला विचारशील तर दुसरा पर्यायही डोक्यात ठेव, डीजीसीएचा (सिव्हिल विमानांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एएमई, म्हणजे विमान मेंटेनन्स इंजिनिअरचा कोर्स. त्यात बी१.३ ही कॅटेगरी टर्बाइन हेलिकॉप्टरसाठीच आहे. लायसन्स निघालं की सिव्हिलमध्येही हेच काम करता येतं, पण फी बरीच असते, कॉलेज डीजीसीए मान्यताप्राप्त आहे का हे बाबांनी स्वतः तपासल्याशिवाय पैसे भरू नका. इंजिनिअरिंग केलंस तर एएफकॅट ही एअर फोर्सची ऑफिसर भरतीची परीक्षा देऊन टेक्निकल ब्रँचमध्ये ऑफिसर म्हणून जाता येतं, तो लांबचा पण चांगला रस्ता आहे आणि तुझे मॅथ्सचे मार्क बघता मी तोच आधी बाबांसमोर मांडेन.

पळायला उद्यापासूनच लाग, आणि रोज किती मिनिटं लागली ते वहीत लिहून ठेव, महिन्याने मला कळव.