ऑनलाइन मागवलेल्या कपाटाची बिजागरी उखडली, खालची कड पाण्याने फुगली. घरी दुरुस्त होईल की फेकून द्यावं?

फेकू नका. तुम्ही लिहिलंय की दाराची वरची बिजागरी स्क्रूसकट बाहेर आली, भोकातून भुसा गळतोय, खालची कड फुगलीय, आणि ओळखीच्या सुताराने "यात काही जीव नाही, नवीन घ्या" असं सांगितलं. त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय, आणि तोही सुतारच आहे.

माहेर माझं अहमदपूर तालुक्यातलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर बाभळीची औतं केली. तिफणी, वखर, गाडीची चाकं. गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. दादा त्यांच्या हाताखाली शिकला. मी पोरगी, म्हणून मला पटाशी दिली नाही, फळीचं दुसरं टोक धरायला दिलं. दहा-बारा वर्षं ते टोक धरलं आणि धरता धरता सगळं बघितलं.

लग्नानंतर यांची नोकरी बदलीची. हिंगोली, बीड, आता लातूर. 2019 मध्ये हिंगोलीला असताना तीन दारांचं कपाट ऑनलाइन मागवलं. खोक्यातून आलं, आम्ही दोघांनी एका दुपारी उभं केलं. पुढे दोन बदल्यांत दोनदा खोललं, दोनदा जोडलं. दुसऱ्या खेपेला टेम्पोत पाठीचं पातळ बोर्ड वाकलं आणि त्याचे बारीक खिळे निम्मे निघून आले. सामान लावायची घाई होती, तसंच भिंतीला टेकवून उभं केलं. ही पाठीची गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या कामाची आहे.

लातूरला आल्यावर सहा महिन्यांत मधल्या दाराची वरची बिजागरी तुमच्यासारखीच बाहेर आली. दादा राखीला आला होता, हत्यारं त्याच्या गाडीत असतातच. त्याने त्या भोकात बांबूची पाचर घातली, हातोडीने ठोकली आणि आधीपेक्षा जाड स्क्रू मशिनने दाबून बसवला. टक् असा आवाज झाला. भोकाभोवतीची रुपयाएवढी जागा लॅमिनेटसकट वर उचलली गेली आणि पाचर, स्क्रू, भुसा सगळं एकदम फरशीवर पडलं.

दादा म्हणाला, "बघ, नुसता भुसा हाय. कशाला जीव घालायलीस यात? भंगारात दे, तुला सागवानाचं करून देतो." इथवर मी ऐकून घेतलं असतं. पुढे म्हणाला, "अण्णांनी असल्याला हातसुद्धा लावला नसता."

ते मला लागलं. अण्णांनी हात लावला असता. त्यांच्याकडे कुणी काहीही घेऊन आलं की ते आधी लाकूड फिरवून बघायचे, नखाने टोचायचे, मग हत्यार उचलायचे. बाभळीला उभा धागा असतो, पाचर शिरली की धागा तिला दोन्हीकडून आवळून धरतो. भुशाच्या बोर्डाला, म्हणजे तुमच्या-माझ्या कपाटाच्या पार्टिकल बोर्डाला, धागाच नाही. लाकडाच्या चिपा आणि रसायनाचा डिंक गरम दाबाखाली बसवून ती फळी होते. वरचे-खालचे थर बारीक चुऱ्याचे आणि घट्ट, मधला भाग जाड चिपांचा आणि सैल. त्यात पाचर ठोकली तर तिला आवळून धरणारं काहीच नसतं, ती फळी आतून फाडते. दादाने बाभळीचा नियम भुशाला लावला आणि फळी फुटल्यावर दोष फळीला दिला.

तो गेल्यावर मी दार उतरवलं. (खालची बिजागरी आधी सोडायची, वरची शेवटी, आणि दार धरायला दुसरं माणूस हवंच.) भोकातला सुटा चुरा जुन्या टूथब्रशने काढला. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून ताकाइतकं पातळ केलं आणि काडीने भोकाच्या भिंतींना पाजलं. दोन-तीन वेळा, पिईल तितकं. ते रात्रभर वाळू दिलं. सकाळी बोटाने चाचपलं तर आतला चुरा हाताला लागेना, कडक झाला होता. मग 8 मिलिमीटरच्या बिटने भोक गोल केलं. माझ्या कपाटाची फळी 18 मिलिमीटरची होती, म्हणून बिटवर 13 मिलिमीटरला चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टी फळीला टेकली की थांबले. कपाटासोबत लाकडी गोल खुंट्या येतात ना, त्यातल्या उरलेल्या मी डब्यात जपून ठेवल्या होत्या. एक खुंटी घट्ट फेव्हिकॉल लावून हाताने दाबून बसवली. हातोडी लावली नाही. वर उरलेलं टोक पटाशीने सपाट केलं. पटाशी अण्णांची, ती मी त्यांच्या माघारी मागून घेतली होती. उचललेल्या लॅमिनेटखाली तोच गोंद सोडला, वर प्लॅस्टिकचा कागद आणि लाकडाचा ठोकळा ठेवून शिकंजाने आवळलं. चोवीस तास हात लावला नाही. मग अडीच मिलिमीटरचं बारीक भोक पाडून स्क्रू पेचकसने बसवला. मशिन नको. शेवटचे दोन आटे हाताला कळतात, मशिनला कळत नाहीत, आणि या बोर्डात एकदा आटे गेले की गेले.

थोडक्यात, पाचर ठोकायची नाही, खुंटी चिकटवायची. खुंटी नसेल तर बांबूच्या चार-पाच काड्या गोंदात बुडवून भरा, पण कोंबू नका.

एवढं करून दार लावलं, तरी ते खाली घासायला लागलं. तेव्हा खरं दुखणं सापडलं. अण्णा चौकट तपासायला दोरी धरायचे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरा कर्ण. मीच दुसरं टोक धरायचे. कपाटाला तशी दोरी लावली तर दोन कर्णांत बोटभर फरक. कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हतं. पाठीचं पातळ बोर्ड हे कपडे दिसू नयेत म्हणून लावलेलं झाकण असतं असं सगळ्यांना वाटतं. खोक्याचा चौकोन तेच धरून ठेवतं. ते सुटलं की खोकं एका अंगाला कलतं, दार वाकडं लटकतं, आणि उघडता-मिटताना सगळा ताण वरच्या बिजागरीवर येतो. बिजागरी शेवटी भुसा घेऊन बाहेर पडते. दादाने बिजागरी बघितली, पाठीकडे बघितलंच नाही. बिजागरी हजारदा बसवा, पाठ सुटलेली असेल तर ती हजारदा निघेल.

मग यांनी लांब कर्णाचा कोपरा रेटून धरला, दोन्ही दोऱ्या सारख्या झाल्यावर मी पाठीचं बोर्ड वीतभर अंतराने अर्ध्या इंची स्क्रू आणि वायसर (वॉशर) लावून बसवलं. जुन्या खिळ्यांची भोकं सोडून शेजारी, आधी बारीक भोक पाडून. तेव्हापासून ते दार नीट मिटतंय.

आता तुमची फुगलेली कड. हिचं पूर्वीसारखं होणार नाही. दाबून बसवलेल्या चिपा पाणी पिऊन सुटल्या की वाळल्यावरही परत बसत नाहीत. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी टिपाड वाहून जातं आणि पाणी नेमकं कपाटाखाली शिरतं, म्हणून हे माझ्या पाठ झालंय. कड पूर्ण वाळू द्या, लातूरच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पुरतात, पावसाळ्यात पंधरा दिवसही लागतील. मग पॉलिश पेपरने फुगवटा घासा, पातळ फेव्हिकॉल नको, दोन ट्यूबचा इपॉक्सी फासा, कारण साधा फेव्हिकॉल पाण्याने परत मऊ पडतो. आणि कपाट जमिनीवरून उचला. मी शहाबादी फरशीचे तुकडे खाली घातलेत. सुटलेली कडेची पट्टी सुती कपडा ठेवून मंद इस्त्रीने चिकटते, आतला गोंद गरम झाला की पुन्हा धरतो. टवके उडाले असतील तर मेणाची रंगीत कांडी बस्स झाली, त्यावर जास्त वेळ घालवू नका.

दादाचं म्हणणं अजून तेच आहे, सुट्या भागांचं ते कच्चं काम. मी त्याला विचारते, पेरायची तिफण कशी असते रे? पेरणी झाली की अण्णा बी सोडायचं चाडं आणि नळे काढून आढ्याला टांगायचे, दिंड म्हणजे खालचं जाड लाकूड वेगळं ठेवायचे, मिरगात पुन्हा जोडायचे. त्याला कुणी कच्चं म्हटलं नाही. आणि भुसा भुसा काय करायचं? उसाच्या चिपाडापासूनसुद्धा बोर्ड होतं. आमच्या भागात कारखान्यांजवळ त्याचे डोंगर दिसतात. त्याची फळी होऊन कुणाच्या लेकराचं अभ्यासाचं टेबल झाली तर त्यात कमीपणा कसला? सागवान चांगलंच, किनवटच्या सागवानाची चौकट मीही आयुष्यभर पुरेल म्हणून घेईन. पण दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला सागवानी कपाट सांगणं म्हणजे त्याचं घर न बघता माप घेणं. तुमच्या सुतारालाही हेच विचारा, त्याने पाठ तपासली का?

एक सांगायचं राहिलं. हे सगळं जमिनीवर उभ्या कपाटासाठी आहे. ओट्याच्या वर टांगलेल्या कपाटाचे भिंतीकडचे स्क्रू निघाले असतील, तर माझं काही ऐकू नका, ते लगेच रिकामं करून उतरवा आणि जाणत्या माणसाकडून नवीन फळी बसवून घ्या, खाली माणूस उभा असतो. घरात लहान लेकरं असतील तर उंच कपाट वरून भिंतीला पट्टीने अडकवाच. आणि आतला मधला थर ओला होऊन बोटाने चुरत असेल, तर ती एक फळी गेली समजा. तेवढीच मापाने कापून आणा, अख्खं कपाट नको.

तुमच्या दाराची उंची तुम्ही लिहिलेली नाही. पाच-सहा फुटी दाराला दोनच बिजागऱ्या असतील तर तिसरी घालावी लागेल. आज दोरी लावा आणि दोन्ही कर्ण, दाराची उंची आणि बिजागऱ्या किती ते कळवा, तिसरी कुठे बसवायची ते सांगते.