भाव आणि अडचण, दोन्ही वरच लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू केलेली फराळाच्या दुकानाची वेबसाइट काल मोबाइलवर सावकाश पाहिली. फोटो सुरेख आलेत. चकलीचे काटे दिसतात आणि रंग उगाच भडक केलेला नाहीस, हे फार आवडलं. पण पाव किलो चकलीचा भाव जिथे आहे तिथे घरपोच पोचवण्याचा खर्च नाही. तो कळतो पत्ता, पिनकोड, फोन नंबर सगळं भरून झाल्यावर. ‘शुभेच्छापत्र ₹ 20’ या चौकटीत आधीच टिक केलेली आहे. वर ‘ऑफर संपायला 10 मिनिटं’ असं घड्याळ पळतंय; पान बंद करून पुन्हा उघडलं, तर ते परत दहावर.

हे तुझ्या डोक्यातलं नसणार. तयार टेम्प्लेटमध्ये असेल किंवा मालकांनी सांगितलं असेल. तरी काढूनच टाक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 क्लृप्त्यांची यादी दिली आहे. खोटी घाई, न विचारता खरेदीत घुसवलेली वस्तू आणि शेवटच्या पानावर वाढलेला भाव, या तिन्ही तिच्यात आहेत. मालक कुरकुरले तर ती यादी त्यांच्यापुढे ठेव. अर्थात, यादी नसती तरी मी हेच म्हटलं असतं. आपल्या ठाण्यात, नौपाड्यात गिऱ्हाईक एकटं नसतं. ‘शेवटी साठ रुपये जास्त लावले’ एवढं एकीने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, की तुझी सगळी मेहनत पाण्यात.

जांभळी नाक्यावर वाणसामान घ्यायला गेलीस की जरा थांबून ऐक. मुरलेला दुकानदार मधेच म्हणतो, ‘ताई, हा चिक्कीचा गूळ आहे, पुरणाला नका नेऊ.’ हातातली विक्री जाते, पण त्यानंतर तो जे ‘घ्या’ म्हणेल ते ती बाई न चाखता पिशवीत टाकते. तुझ्या साइटवर असं ‘नका’ कुठे आहे? ओल्या नारळाच्या करंज्या दोन दिवसांत संपवायला हव्यात, हे तू अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत लिहिलं आहेस. ते भावाच्या शेजारी, भावाएवढ्याच अक्षरात हवं. कुणी करंज्या पुण्याला मामाकडे पाठवायच्या म्हणून मागवत असेल, तर पैसे भरायच्या आधी तिला ते दिसलं पाहिजे. ती शंकरपाळे घेईल किंवा काहीच घेणार नाही. चालेल.

घोडबंदर रोडवरची बिल्डरांची होर्डिंगं तू रोज पाहतेस. महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पांच्या जाहिरातीत प्रकल्पाची माहिती उघडणारा क्यूआर कोड बंधनकारक केला. कोड असतो, पण पुष्कळदा खालच्या कोपऱ्यात, धावत्या बसमधून स्कॅनच होणार नाही एवढा. ‘स्टेशनपासून 10 मिनिटं’ मात्र हातभर उंच अक्षरांत. संध्याकाळी त्या रस्त्याने घरी जाणाऱ्याला ती दहा मिनिटं किती खरी वाटत असतील, तूच सांग. नियम कागदोपत्री पाळला जातो आणि घर घेणाऱ्याला हवं ते कळतच नाही. कुठलं अक्षर मोठं नि कुठलं बारीक, हे ठरवणं तुझ्या हातात आहे. आपल्या डिझाइनच्या धंद्यातली खरी जबाबदारी मला तिथेच दिसते.

आता लेबल. ‘करंज्या’मधला अर्धा ज सॉफ्टवेअरने तोडलाय आणि ‘चिवडा’ची वेलांटी वरच्या ओळीत घुसलीये. ओळींमधलं अंतर वाढव. देवनागरीला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते. ‘मुक्ता’सारखा चांगला फाँट फुकट मिळतो, तो वापरून बघ. ‘घरगुती’ म्हणून विकायचं आणि लेबलावर मराठीच मोडकी, तर माल खरंच कुणाच्या घरात झालाय यावर लोक विश्वास का ठेवतील? डब्याचं वजन सोडून निव्वळ वजन ठळक छाप. पॅकिंगच्या तारखेसोबत तळल्याची तारीखही टाकता आली तर फारच छान. आणि फोन नंबर असा दे, की चकली मऊ निघाली तर पलीकडे कुणीतरी उचलेल. ते कोण उचलणार, हे मालकांना आजच विचार, कारण दिवाळीच्या आठवड्यात कुणालाच सवड नसते.

हे सगळं बदललंस की पुन्हा पाठव. त्याआधी आईच्या फोनवर उघड, तिला मागवायला सांग आणि ती कुठे अडते ते लिहून घे.

तुझे सर