आमच्या आमदारांनी मत कशाला दिलं?

प्रश्न : सर, मी कोरेगाव तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. माझा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. तिकडच्या एका परंपरावादी आमदाराने कोणत्या विधेयकाला ‘होय’ म्हटलं, कोणत्याला ‘नाही’, हे त्याने मला फोनवर ओळीने दाखवलं. आमच्याकडचे आमदारही धर्म, संस्कृती, रूढी यांवर तळमळीने बोलतात. त्यांनी सभागृहात मत कशाला दिलं, हे मला कुठे बघायला मिळेल?

उत्तर : ताई, तशी यादी मिळणार नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. ओहायोच्या राज्यघटनेतच लिहिलं आहे की विधेयक मंजूर करताना प्रत्येकाचं मत घ्यायचं आणि सभागृहाच्या नोंदवहीत चढवायचं. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, काही ‘होय’ म्हणतात, काही ‘नाही’, आणि आवाजावरून निकाल लागतो. 288 जणांत तुमच्या आमदारांचा आवाज कुठला, हे कुणी लिहून ठेवत नाही. कुणी मतविभागणी मागितली आणि ती झाली, तरच डोकी मोजली जातात.

ती मागणीही वेळेत व्हावी लागते. 12 नोव्हेंबर 2014 रोजी फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला, तेव्हा मी वर पत्रकार कक्षात होतो. विरोधक मतविभागणी मागत राहिले, पण निकाल जाहीर झालेला होता. कोण कुठल्या बाजूला होतं, हे त्या दिवशी कागदावर आलंच नाही. याउलट 30 नोव्हेंबर 2019 ला ठाकरे सरकारच्या वेळी शिरगणती झाली. बाजूने 169, तटस्थ 4, आणि भाजपने सभात्याग केल्यामुळे विरोधात कुणीच नाही.

समजा नाव मिळालं, तरी त्यातून माणूस कळेल असं नाही. 1985 च्या 52व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा आला. तेव्हापासून पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. म्हणजे ते मत बऱ्याचदा पक्षाचं असतं.

‘परंपरावादी’ हा शिक्काही जपून वापरा. डान्सबार बंदीचं विधेयक 2005 साली आणलं ते आपल्या शेजारच्या तासगावच्या आर. आर. आबा पाटलांनी. ते तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारात गृहमंत्री होते. दोन्ही सभागृहांत ते एकमताने मंजूर झालं. ज्यांना मनापासून बंदी हवी होती आणि ज्यांची विरोधात बोलायची हिंमत झाली नाही, ते सगळे त्या ‘एकमताने’ या एका शब्दात बसले. पुढे उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

मग बघायचं काय? भाषणं बघा, आणि न केलेली भाषणंही बघा. माझं उदाहरण सांगतो. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, आठवड्याभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरला विधेयक आलं. माहुलीच्या स्टेशनवर महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून मी त्या अधिवेशनाला गेलो होतो. आमच्या भागातल्या एका आमदारांनी त्याआधी गावच्या पारायणाच्या समाप्तीला ‘हा धर्मावरचा घाला आहे’ असं माइकवरून सांगितलेलं, समोर हजारभर माणूस बसलेला. नागपुरात चर्चा सुरू झाली तेव्हा मी वरून त्यांचा बाक बघत होतो. बाकावर कागदांचा गठ्ठा होता आणि माणूस नव्हता. ते बाहेर लॉबीत चहा घेत उभे होते. बाजूनेही बोलले नाहीत, विरोधातही नाही. विरोधात बोलले असते तर मला पटलं नसतं, पण त्यांचा मान राखला असता. मात्र त्याच माणसाचे जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावरचे प्रश्न काढून वाचा. खटाव-माणच्या दुष्काळाची कळ त्यांत आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, आणि दोन्ही नोंदीत आहेत.

म्हणून विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृहाची कार्यवाही असते, ती उघडा. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), सुचवलेल्या दुरुस्त्या आणि अशासकीय विधेयकं यांत आमदारांचं नाव शोधा. अशासकीय विधेयक तर आवर्जून बघा, कारण ते आमदार स्वतःच्या मनाने मांडतो. जे सापडत नाही ते माहिती अधिकारात विधानमंडळ सचिवालयाकडे मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे निवडणुकीच्या शपथपत्रात मिळतील.

साल मात्र तपासून घ्या. गोवंश हत्याबंदीचं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं 1995 ला, राष्ट्रपतींची संमती आली 2015 ला. या वीस वर्षांत किती आमदार आले आणि गेले! ‘हा कायदा मी केला’ असं कुणी भाषणात म्हणालं, तर तो 1995 ला सभागृहात होता का, एवढं आधी बघा.

तुम्ही एखादं अधिवेशन निवडा, वही घेऊन बसा. आमदारांचं नाव जिथे सापडेल त्याची तारीख आणि विषय लिहून मला पाठवा. पुढच्या अंकात ती नोंद जशीच्या तशी छापतो.