साहेबांना ‘का’ विचारू नका

प्रश्न : मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. वय ३१. गेल्या महिन्यात आम्हाला दोन दिवसांचं कोचिंगचं ट्रेनिंग मिळालं : नीट ऐकणं, उत्तर न देता प्रश्न विचारणं, ग्रो मॉडेल (ध्येय, वास्तव, पर्याय, निश्चय या क्रमाने बोलणं). हाताखालच्या मुलांशी बोलताना उपयोग होतो. पण माझे मॅनेजर सकाळी म्हणतात, कस्टमरचा एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहिलेला अहवाल) आधी. अकराला म्हणतात, ऑडिटच्या फायली आधी. आणि संध्याकाळी, रिपोर्ट का झाला नाही? परवा मीटिंगमध्ये मी विचारलं, ‘सर, यातून तुम्हाला नक्की काय साधायचंय?’ ते भडकले, ‘आता तू मला शिकवणार का?’ वरिष्ठांशी हे चालतच नाही का?

उत्तर : चालतं. पण सहा जणांसमोर नाही, आणि त्या प्रश्नाने तर नाहीच. तुमच्या मनात काही वाकडं नव्हतं हे मला कळतंय, पण चारचौघांत साहेबांना तो जाब वाटला.

मी भोसरीत २६ वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये काढली. आमचे साहेब दिवसातून तीनदा शेड्यूल फिरवायचे आणि मी दर वेळी विचारायचे, ‘का बदललं?’ आपल्याकडे ‘का’ कानावर पडला की माणसाला शाळेतली छडी आठवते. तो कारणं द्यायला लागतो, नाहीतर आवाज चढवतो. एका दुपारी मी दमून वेगळंच विचारलं, ‘सर, आज सहाच्या गाडीत गेलाच पाहिजे असा पार्ट कोणता?’ ते गप्प झाले. मलाच ती शांतता सहन होईना, काहीतरी बोलून टाकावंसं वाटत होतं. पेनचं टोपण मुठीत घट्ट धरून उभी राहिले. साहेब फळ्याकडे बघत राहिले, मग पुढे झाले आणि तळहातानेच दोन ओळी पुसल्या. हाताला लागलेला खडू झटकत म्हणाले, ‘हे उद्या.’ तोपर्यंत चार महिने मी त्याच दोन ओळींसाठी भांडत होते.

टेनिसचे प्रशिक्षक टिमथी गॅलवे यांची १९७०च्या दशकातली एक युक्ती मला फार आवडते. ‘चेंडूकडे बघ’ असं सांगण्याऐवजी ते शिष्याला चेंडूने टप्पा घेतला की ‘बाउन्स’ आणि रॅकेटला लागला की ‘हिट’ असं मोठ्याने म्हणायला लावत. ते म्हणायचं तर चेंडूकडे बघावंच लागतं. साहेबांपुढेही असा चेंडू ठेवायला हवा, आणि तुमच्या बाबतीत तो म्हणजे तुमचे तास. ग्रो मॉडेलमध्ये ध्येय आधी येतं, मग वास्तव. वरिष्ठांशी बोलताना मी वास्तवापासूनच सुरुवात करते. दिवसाचं ध्येय त्यांना त्यांच्या वरच्यांनी दिलेलं असतं. दिवसात किती मावतं, हे मात्र त्यांना दिसत नसतं.

एका कागदावर लिहा : एट-डी ३ तास, ऑडिट फायली ४, लाइनवरच्या तक्रारी २. झाले ९, आणि शिफ्ट आठ तासांची, त्यातही जेवणाची सुट्टी. चहानंतर ते एकटे असताना जा. ‘सर, आजच्या कामाच्या क्रमाबद्दल पाच मिनिटं मिळतील?’ नाही म्हणाले तर वेळ विचारून परत या. कागद पुढे ठेवा आणि एवढंच विचारा, ‘यातलं उद्यावर गेलेलं कोणतं चालेल?’ मग गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड आहे. ते बोलले की त्यांच्याच शब्दांत परत म्हणा, ‘म्हणजे रिपोर्ट आज, फायली उद्या दुपारपर्यंत. बरोबर ना?’ जागेवर आल्यावर तेवढ्याच दोन ओळी व्हॉट्सअॅपवर टाका.

अकराला क्रम फिरला तर तोच कागद घेऊन परत जा, ‘हे आत घेतो, मग यातलं बाहेर काय काढू?’ आवाजात तक्रार नको.

एक मात्र बजावून सांगते. साहेबांना सुधारण्याचं काम तुमच्याकडे नाही, त्यामुळे त्यांच्या स्वभावावर एकही प्रश्न नको. आणि ते शिवीगाळ करत असतील, सगळ्यांसमोर अपमान करत असतील, तर हा उपाय नाही. तारीख-वारासकट लिहून ठेवा आणि एचआरकडे जा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. वरून दाबला गेलेला माणूस वाटतो.

सोमवारी करून बघा. कागदाकडे बघून साहेब पहिलं वाक्य काय बोलले, ते जसंच्या तसं मला लिहून पाठवा.